मुंबईचं मुखदर्शन

लालबागच्या राजाला दोन लाईनी असतात हे मुंबईत कोणाला सांगायला नको. एक नवसाची, तिथे पायापर्यंत जाता येतं पण तासन् तास उभं राहायची तयारी पाहिजे. दुसरी मुखदर्शनाची, म्हणजे लांबून चेहरा बघायचा, हात जोडायचे, तोवर मागून रेटा येतो आणि "चला चला, पुढे चला" ऐकत आपण बाहेर पडलेलो असतो. मला बरीच वर्षं वाटतंय की मुंबई बघायला येणाऱ्या माणसाला आपण कायम या दुसऱ्या लाईनीत उभं करतो. नावच बघा ना, मुंबई दर्शन. लांबून बघा, फोटो काढा, पुढे सरका.

मागच्या मे महिन्यात कराडजवळच्या गावाहून मामा-मामी आले होते. मामा सत्तरीचा, मामी चार-पाच वर्षांनी लहान, आणि दोघांनी मुंबई अशी कधी बघितलीच नव्हती. यायचे ते कोणाच्या लग्नाला नाहीतर कोणाच्या ऑपरेशनला, आणि परेलच्या चाळीतून नाहीतर हॉस्पिटलच्या बाकावरून परत जायचे. म्हटलं आता नीट दाखवू. मला सुट्टी दोनच दिवस होती म्हणून पहिल्या दिवशी एका ट्रॅव्हल्सच्या मुंबई दर्शन बसची तीन तिकिटं काढली आणि मीपण त्यांच्याबरोबर बसलो, कारण खरं सांगायचं तर जन्म इथे काढून मीही त्या बसमध्ये कधी चढलो नव्हतो.

तर बसमधला गाईड माईकवर बोलत होता, मुलगा हुशार होता, हिंदी-मराठी दोन्हीत जोक मारत होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो काय सांगत होता ते नीट ऐका. डावीकडे बघा ताज हॉटेल, एका रात्रीचं भाडं अमुक. उजवीकडे बघा देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचं सत्तावीस मजली घर. हा सी लिंक. हा अमक्या हिरोचा बंगला, तो तमक्या हिरोइनचा फ्लॅट, वरून पाचवी खिडकी. म्हणजे सगळ्या दिवसाचा हिशेब मांडला तर आम्ही बघितलं काय, तर दुसऱ्याचं हॉटेल, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची खिडकी, आणि एक पूल ज्याच्यावरून पायी चालायला बंदी आहे, टू-व्हीलर न्यायला बंदी आहे, गाडी थांबवायला बंदी आहे. दुपारी तीनच्या सुमारास मामाने मला हळूच विचारलं, "आरं, पर आपण आत कवा जायाचं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेटवेला आम्हाला पस्तीस मिनिटं दिली होती. आता गेटवेची गोष्ट तशी फार मजेशीर आहे, फक्त ती कोणी सांगत नाही. पंचम जॉर्ज राजा आला डिसेंबर १९११ मध्ये, कमानीचा पाया त्याच वर्षी मार्चमध्ये घातलेला, त्यामुळे राजाला बघायला मिळाला पुठ्ठ्याचा गेटवे. खरी दगडाची कमान पुरी होऊन उघडली ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे ज्याच्या स्वागतासाठी बांधली तो येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. आणि शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून बाहेर पडली २८ फेब्रुवारी १९४८ ला. सरकारी काम म्हणजे काय आणि सत्ता म्हणजे काय हे दोन्ही एका कमानीत दिसतं, मामाला ही गोष्ट मी सांगितल्यावर तो खुदकन हसला, "म्हंजे तवाबी टेंडर लेट व्हायचं". पण ही गोष्ट मी उन्हात उभा राहून सांगत होतो, कारण सावलीत टेकायला जागा मिळाली नाही. आधी सिक्युरिटीची लाईन, मग बॅरिकेड, मग फोटोवाले, मग परत लाईन. मामी एका कोपऱ्यात पदर डोक्यावर घेऊन उभी, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतलेला नाही. मी बाटली पुढे केली तर नको म्हणाली. मग परत विचारल्यावर म्हणाली, "नगं रं, मंग जायाला लागंल."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरातल्या बाईने कधी ना कधी म्हटलेलं आहे, कोणाला वेगळं समजावून सांगायला नको. सकाळी दहा ते दुपारी चार, मे महिना, आणि पासष्टीची बाई पाणी पीत नाही कारण पुढचं टॉयलेट कधी येईल, आलं तर कसं असेल, आणि तिथे गेलं तर बस थांबेल की नाही याची गॅरंटी नाही. बायकांना लघवीला स्वच्छ आणि फुकट जागा द्या एवढ्या साध्या मागणीसाठी याच मुंबईत राईट टू पी नावाची चळवळ उभी राहिली, त्यालाही आता दहा वर्षांच्या वर झाली. आणि आपण टुरिझमच्या नावाने बोलतो काय, तर कुठल्या पुलाला किती रंगांची लाईट.

माझा मुद्दा असा आहे की एखादी जागा बघण्यालायक आहे की नाही हे तिच्या फोटोवरून ठरवायचंच नाही. तिथे पन्नास-शंभर रुपयांत आत जाता येतं का, दोन तास बसता येतं का, पाणी आणि संडास आहे का, आणि काय बघतोय ते कोणी मराठीत नीट सांगतं का, यावरून ठरवायचं. या मापाने बघितलं तर मुंबई दर्शनची निम्मी यादी नापास होते. आणि गंमत म्हणजे ज्या जागा पास होतात त्यातल्या बऱ्याच या यादीत नाहीतच.

दुसऱ्या दिवशी मी बस-बिस काही केलं नाही, सरळ लोकलने भायखळ्याला नेलं. भायखळा स्टेशनच मुळात बघण्यासारखं आहे, जुन्या रूपात नीट दुरुस्त केलंय आणि त्याबद्दल २०२२ मध्ये युनेस्कोचं वारसा जतनाचं बक्षीसही मिळालंय, पण आपण तिथे फक्त गाडी बदलतो. तिथून चालत राणीबाग. १८६० च्या दशकातली बाग, नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण बोलताना सगळे राणीबागच म्हणतात, मीपण म्हणणार. पेंग्विन आणले तेव्हा मी भरपूर टिंगल केली होती, मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन म्हणजे काय राव. आता ती टिंगल मी अर्धी मागे घेतो. कारण काचेसमोर मामा जो उभा राहिला तो हलेना, आणि त्याच्या शेजारी मदनपुऱ्यातली बुरख्यातली आई, तिची तीन पोरं, कल्याणहून आलेलं एक जोडपं, सगळे एकाच काचेला नाक लावून. इथे तिकीट काढलेला प्रत्येक जण आत असतो, "बाहेरून बघा" हा प्रकार नाही. बसायला बाकं आहेत, डोक्यावर शंभर-सव्वाशे वर्षांची झाडं आहेत.

तिकिटाचं मात्र बोललं पाहिजे. २०१७ मध्ये मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून एकदम ५० केलं, तेव्हा बोंबाबोंब झाली. मला स्वतःला ५० रुपये जास्त वाटत नाहीत, एका वडापाव-चहाच्या पुढे थोडं. पण तेव्हा जी फॅमिली तिकिटाची सोय काढली ती आई-बाप आणि दोन पोरं अशा चौघांची, १०० रुपयांत. आता आपल्याकडे राणीबागेला कधी चौघं जातात का? आजी असते, आत्या असते, शेजारची दोन पोरं असतात. कुटुंब म्हणजे चार माणसं हे ज्याने ठरवलं तो माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत कधी चाळीतून राणीबागेला गेलेला नसणार.

आणि त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, १८७२ पासून लोकांसाठी उघडं, मध्ये पार रया गेली होती, मग नीट दुरुस्ती होऊन २००८ मध्ये परत उघडलं, नंतर पुन्हा काही वर्षं बंद होतं. आत काय आहे, तर आपण आहोत. मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या, वेगवेगळ्या जातीधंद्यांची माणसं, त्यांचे कपडे, पागोटी, त्यांची कामं. मामी एका कपाटासमोर वाकून वाकून बघत होती आणि मला लुगड्याचा काष्टा कुठे बरोबर खोचलाय आणि कुठे चुकलाय हे सांगत होती, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची चूक काढत होती. ताजसमोर तिने एक शब्द उच्चारला नव्हता, कारण तिथे तिला बोलण्यासारखं काही नव्हतंच. इथे ती गाईड झाली.

बाहेर हत्ती उभा आहे, काळ्या दगडाचा. हा हत्ती म्हणजे एलिफंटाचा एलिफंट. पोर्तुगीजांनी घारापुरीला ते नाव दिलं ते या हत्तीवरून. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, मग ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये परत जोडून उभा केला. आता विचार करा, रोज शेकडो माणसं गेटवेवरून लाँचमध्ये बसून तासभर डुलत डुलत एलिफंटाला जातात, आणि ज्याच्यावरून नाव पडलं तो हत्ती भायखळ्यात झाडाखाली उभा. काळ्या घोड्याचंही तेच. राजा सातवा एडवर्ड बसलेला तो मूळ काळा घोडा १९६५ मध्ये तिथून हलवला तो पण राणीबागेतच आणला, मग पन्नासेक वर्षं काळा घोडा नावाच्या भागात घोडाच नव्हता, २०१७ मध्ये स्वाराशिवायचा नवा उभा केला. हत्ती इथे, घोडा इथे, आणि टुरिस्टच्या बसा जातात नुसत्या नावांच्या मागे. मी मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला बुद्धिबळाचा डाव मांडलाय जणू, वजीर कुठाय बघ.

आता कोणी म्हणेल, लोकांना बंगलेच बघायचे असतात, तू कोण त्यांना म्युझियम शिकवणारा. बरोबर आहे. मन्नतसमोर बस हळू झाली तेव्हा मामीने पण मान वाकडी करून बघितलं होतं, आणि मीपण बघितलं, खोटं कशाला बोलू. हौस आहे, त्यात वाईट काही नाही. पण हौसेला एक खिडकी पुरते, अख्खा दिवस लागत नाही. आणि लोकांना तेच हवं असतं हे म्हणणारे हे विसरतात की दुसरं काही त्यांच्यासमोर ठेवलेलंच नाहीये. बसचा रूट लोकांच्या आवडीवरून ठरत नाही, तो पार्किंगवरून ठरतो. जिथे मोठी गाडी दहा मिनिटं उभी करता येते, ट्रॅफिकवाला हाकलत नाही, चाळीस माणसं पटकन उतरून पटकन चढतात आणि तिकीट काढायला लागत नाही, तो पॉइंट. हँगिंग गार्डनला बस जाते. तिथे बागेच्या खाली दक्षिण मुंबईच्या बऱ्याच भागाला पाणी देणारा ब्रिटिशकालीन जलाशय आहे हे कोणी सांगत नाही, समोर म्हातारीचा बूट आहे त्याच्यात फक्त लहान पोरांना चढू देतात, मोठ्यांनी परत बाहेरूनच बघायचं. आणि त्याच टेकडीच्या दुसऱ्या उतारावर बाणगंगा आहे, शिलाहारांच्या काळापासून चालत आलेली, दगडी पायऱ्या, चारी बाजूंना देवळं, तळ्यात बदकं, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तरी पाणी गोडं. पायऱ्यांवर बसा पाहिजे तेवढा वेळ, कोणी उठवत नाही. पण गल्ली अरुंद, बस जात नाही, विषय संपला.

हुतात्मा चौकातून आमची बस वळली तेव्हा गाईड म्हणाला फ्लोरा फाउंटन. आहेच फाउंटन, १८६४ चं, सुंदर आहे. पण त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ही मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांचं ते स्मारक. बसमध्ये तीन तरी कुटुंबं साताऱ्या-सांगलीकडची होती. बस थांबली नाही, कारण तिथे थांबायला परवानगी नाही म्हणे.

सीएसएमटीचं तर विचारूच नका. १८८८ ला पुरं झालेलं, स्टिव्हन्स नावाच्या इंग्रज आर्किटेक्टचं डिझाईन, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. आत रेल्वेचं हेरिटेज म्युझियम आहे, त्या घुमटाखालच्या जिन्यावर उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं. आणि ते उघडं कधी असतं, तर सोमवार ते शुक्रवार दुपारी. शनिवार-रविवार बंद! म्हणजे ज्या दिवशी माणसं फिरायला येतात त्या दिवशी सुट्टी. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टिव्हन्सचीच, तिथे मात्र २०२१ पासून शनिवार-रविवारी लोकांना आत नेऊन दाखवायला सुरुवात केली, मला ती गोष्ट फार आवडली. आपल्या टॅक्सवर चालणारी इमारत आपल्याला आतून बघायला मिळायला एकशे पंचवीसेक वर्षं लागली हे सोडा, पण दार उघडता येतं एवढं तरी सिद्ध झालं.

बेस्टची नीलांबरी, वरून उघडी असलेली डबलडेकर, १९९७ पासून फिरत होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची फेरी झाली तेव्हा सगळे हळहळले, मीपण. रात्रीच्या वाऱ्यात वरच्या डेकवर बसून लाईट लावलेलं सीएसएमटी बघणं भारीच होतं. पण तीपण शेवटी मुखदर्शनाचीच गाडी होती, खाली उतरायचं नाही, आत जायचं नाही. मला तिच्या जागी हवी असलेली गाडी दिसायला साधी असली तरी चालेल. दिवसाचं एक तिकीट, दर अर्ध्या तासाने बस, भायखळा, बाणगंगा, मणिभवन, हुतात्मा चौक, काळा घोडा, शिवडी, कुठेही उतरा, आत जा, बसा, पुढच्या बसने निघा. कंडक्टर असतोच, त्याला दोन गोष्टी सांगायचं ट्रेनिंग द्या, बेस्टच्या कंडक्टरइतकी मुंबई कोणाला माहितेय?

या सगळ्याला एक आक्षेप आहे ज्याच्यापुढे मला जरा गप्प व्हावं लागतं. तो म्हणजे, तू म्हणतोस तिथे सगळ्यांना नेलं तर त्या जागांची वाट लागेल. घारापुरी बघा. १९८७ पासून जागतिक वारसा, त्रिमूर्तीसमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही, पण तिथपर्यंतच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दुकानांची ताडपत्री, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि माकडं माणसांच्या हातातून कणीस ओढतायत. आणि ज्या बेटावर जगभरातून लोक येत होते तिथल्या गावांना चोवीस तास वीज मिळायला २०१८ उजाडलं, समुद्राखालून केबल टाकली तेव्हा. हे सगळं खरं आहे. पण वाट लागली ती माणसं आली म्हणून, की माणसं येणार हे माहीत असून कचऱ्याची, पाण्याची, गर्दी मोजायची काही व्यवस्था केली नाही म्हणून? मलबार हिलला २०२५ मध्ये झाडांमधून लाकडी पुलाची वाट उघडली, तिथे स्लॉट पाडलेत, एका वेळी ठरावीक माणसं. गर्दी आवरता येते. फक्त तिथलं बुकिंग ऑनलाईन, आता मामाकडे बटणवाला फोन आहे, त्याने काय करायचं? स्लॉट पाडा, पण एक खिडकी पण ठेवा, तिच्यात माणूस बसवा.

मामा-मामींना मला कान्हेरी दाखवायची होती, गुडघ्यांमुळे राहिली. पण हा लेख लिहायला बसलो तेव्हा डोळ्यासमोर कान्हेरीच येत होती. नॅशनल पार्कच्या गेटपासून सहा-सात किलोमीटर आत, शंभराहून जास्त लेणी, हजारेक वर्षं माणसं तिथे राहत होती, शिकत होती. बहुतेक लेण्यांच्या बाहेर पाण्याचं टाकं, डोंगरावरचा पाऊस त्यात आणायला दगडात कोरलेल्या बारीक चरी, आणि आत भिंतीला लागून दगडी ओटा. झोपा, बसा, पाठ टेका. अकरा नंबरच्या लेण्यात तर दोन लांबच्या लांब दगडी बाकं आहेत, अख्खी पंगत बसेल अशी. पावसाळ्यात त्या टाक्यांजवळ बसलं की चरीतून पाणी उतरतानाचा आवाज येतो. कोणी एक बाई किंवा बुवा लांबून चालत येईल, त्याला तहान लागलेली असेल, पाय दुखत असतील, एवढा विचार छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडणाऱ्यांनी केला होता, आणि आम्ही गेटवेला एक सावलीतलं बाक शोधत होतो.

गावाला गेल्यावर मामीने काय काय सांगितलं ते मामेबहिणीने मला फोनवर सांगितलं. आधी मन्नत, मग पेंग्विन, मग काष्टा चुकलेली बाहुली, मग मोडलेला हत्ती. गेटवेचा पुठ्ठा मामाने स्वतःच्या नावावर खपवला, पारावर.

त्याचा परिणाम असा झालाय की आता दिवाळीनंतर मामीच्या माहेरची माणसं येतायत. अकरा जण, त्यात दोन म्हाताऱ्या आणि एक तान्हं पोर. हत्ती बघायचाच म्हणून निरोप आलाय. गाडीचं रिझर्वेशनपण करून टाकलंय त्यांनी मला न विचारता, आणि मुंबईत दिवस धरलाय नेमका बुधवार. बुधवारी राणीबाग बंद, म्युझियमपण बंद.